गॅसवर अडखळणारी गाडी : दोष नेमका कुठे शोधावा?

पेट्रोलवर सुरळीत धावणारी मोटार गॅसवर टाकताच अडखळू लागते, घाटाच्या चढणीवर धापा टाकते, सिग्नलला उभी राहताच बंद पडते. एलपीजी किट बसविलेल्या जुन्या गाडीच्या मालकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. अशा वेळी गॅरेजमध्ये पहिला हात जातो तो गॅस कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूकडे. स्क्रू थोडा फिरवला की इंजिन चार दिवस बरे चालते आणि पुन्हा तीच तक्रार सुरू होते. कारण पुष्कळदा मूळ बिघाड गॅसच्या यंत्रणेत नसतोच. तो ठिणगीत, हवेच्या मार्गात किंवा व्हॉल्व्हमध्ये दडलेला असतो. पेट्रोलवर तो जाणवत नाही, गॅसवर मात्र लगेच उघड होतो. तो तसाच ठेवून केवळ गॅसचे प्रमाण बदलत राहिल्यास अखेर इंजिन उघडण्याची पाळी येते. गाडीवरच ज्याचा चरितार्थ चालतो, त्या टॅक्सीचालकाला हा खर्च आणि बुडालेले दिवस परवडणारे नसतात.

पेट्रोल आणि गॅस यांतील फरक

एलपीजी म्हणजे प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण. टाकीत ते दाबाखाली द्रवरूपात असते. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला, तर ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळते. हा द्रव रिड्यूसरमध्ये येतो, तेथे त्याचा दाब उतरतो आणि त्याचा वायू होतो. या क्रियेसाठी लागणारी उष्णता इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या गरम पाण्यातून मिळते.

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, एलपीजीला सुमारे १५.५ किलो. एलपीजीचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच अधिक असल्याने इंजिन सहसा ठोके देत नाही. मात्र वायुरूप इंधन सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या मिश्रणाची सुमारे ४ टक्के जागा व्यापते आणि तेवढी हवा कमी शिरते. त्यामुळे शक्तीत थोडी घट येणे स्वाभाविक आहे. शिवाय एक लिटर गॅसमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक चतुर्थांश ऊर्जा कमी असते. पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी गॅसवर १२ किलोमीटर धावली, तर तो दोष नव्हे. ती ९ किलोमीटरवर आली, तर मात्र तपासणी आवश्यक आहे.

आधी पेट्रोल, मग ठिणगी

तपासणीचा पहिला नियम असा की, गाडी प्रथम पेट्रोलवर निर्दोष चालली पाहिजे. पेट्रोलवरच आयडलिंग डळमळत असेल, तर गॅसचे ट्यूनिंग करण्यात अर्थ नाही. एअर फिल्टर स्वच्छ असावा आणि व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांना चिरा गेलेल्या नसाव्यात. इनटेक मॅनिफोल्डच्या सांध्यातून शिरणारी हवा गॅसवर विशेष त्रास देते, कारण मिश्रण पातळ होते आणि इंजिन मिसिंग करू लागते.

दुसरी पाहणी ठिणगीची. सिलिंडरमधील गॅस-हवेचे मिश्रण पेटविण्यासाठी पेट्रोलपेक्षा अधिक दाबाची वीज लागते. म्हणून पेट्रोलवर खपून जाणारा जुना स्पार्क प्लग किंवा जीर्ण हाय टेन्शन वायर गॅसवर हार खाते. प्लगमधील अंतर पेट्रोलसाठी एक मिलिमीटरच्या आसपास असेल, तर गॅसवर ते साधारणतः ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. अर्थात किट उत्पादकाची सूचना प्रमाण मानावी. समुद्रकाठच्या खारट हवेत आणि पावसाळ्यातील दमटपणात वायरींवर, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आणि अर्थिंगच्या जोडांवर ओल व गंज धरतो. पावसाची पहिली सर आली की गाडी गॅसवर मिसिंग करते आणि ऊन पडले की आपोआप सुधारते, असे होत असेल तर संशय या जोडांवरच घ्यावा.

बॅकफायरचे मूळही अनेकदा येथेच असते. मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये इनटेक मॅनिफोल्ड पेटण्याजोग्या मिश्रणाने भरलेला असतो. ठिणगी दुबळी पडली किंवा मिश्रण पातळ झाले, तर ज्वलन लांबते आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडताना ज्योत उलट मागे जाते. मोठा आवाज होतो, कधी एअर फिल्टरचा डबाही फुटतो. वारंवार बॅकफायर होणारी गाडी तशीच चालविणे धोक्याचे आहे.

रिड्यूसरची भाषा

गाडी गॅसवर थोडा वेळ चालून बंद पडते आणि रिड्यूसरवर दव किंवा बर्फ साचलेला दिसतो, याचा अर्थ त्याला पुरेसे गरम पाणी मिळत नाही. कूलंटची पातळी घटलेली असते, नळीत हवा अडकलेली असते किंवा थर्मोस्टॅट सतत उघडा राहिलेला असतो. इंजिन तापण्याआधीच गॅसवर टाकण्याची सवयही याच त्रासाला निमंत्रण देते.

गॅसबरोबर येणारे तेलकट अवशेष रिड्यूसरच्या तळाशी साचतात आणि आतील रबरी डायफ्राम कडक होतो. मग आयडलिंग कधी चढते, कधी उतरते आणि गॅसचा खप वाढतो. काही रिड्यूसरना हे तेल काढण्यासाठी बूच असते. गॅसचा पुरवठा बंद करून, नळीतील उरलेला गॅस जळून गेल्यावर, इंजिन थांबवून, उघड्या जागी ते तेल काढावे लागते. द्रव आणि वायू या दोन्ही टप्प्यांवरील फिल्टर ठरलेल्या अंतराने बदलले नाहीत, तर वेगात आणि चढणीवर गॅस अपुरा पडतो.

मिक्सर किटचे ट्यूनिंग

वरील सर्व बाबी ठीक असतील, तेव्हाच स्क्रूला हात लावावा. इंजिन पूर्ण तापलेले असावे. प्रथम रिड्यूसरवरील स्लो स्पीडचा स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन जेथे सर्वांत गुळगुळीत चालते ते ठिकाण शोधतात. त्यानंतर इंजिनाची गती मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांवर स्थिर धरून मुख्य नळीवरील स्क्रू हळूहळू आवळतात. गती उतरू लागताच थांबून तो किंचित मागे सोडतात. पुन्हा आयडलिंग तपासतात, कारण एक बदलले की दुसरेही थोडे सरकते. शेवटी धूर तपासणी यंत्रावर कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन यांचे आकडे पाहावेत. कानाने केलेले ट्यूनिंग या आकड्यांवर पारखून घेणे केव्हाही चांगले.

सिक्वेन्शियल किटमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गॅस इंजेक्टर असतो आणि समायोजन संगणकावर होते. त्याचे तत्त्व सोपे आहे. गाडीचा मूळ ईसीयू पेट्रोल इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवतो आणि गॅसचा ईसीयू त्यावरून गॅसची मात्रा काढतो. समान गती आणि समान भार असताना हा पेट्रोलचा काळ दोन्ही इंधनांवर सारखाच राहिला पाहिजे. गॅसवर तो वाढत असेल, तर गॅस कमी पडतो आहे. घटत असेल, तर गॅस जास्त जातो आहे. ही तपासणी केवळ उभ्या गाडीवर पुरेशी नाही. चोर्ला घाटासारख्या चढणीवर भरलेली गाडी कशी वागते, ते रस्त्यावरच कळते. एकच सिलिंडर मिसिंग करीत असेल, तर त्याचा प्लग आणि गॅस इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून पाहावा. दोष ज्याच्याबरोबर सरकतो, तो भाग सदोष.

गप्प झालेला टॅपेट

काटकसरीसाठी मिश्रण मुद्दाम पातळ ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो महागात पडतो. पातळ मिश्रण सावकाश जळते, उष्णता एग्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते आणि त्याची बैठक झिजते. बैठक झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटमधील फट कमी होते. म्हणून हाताने फट बसवायच्या इंजिनात टॅपेटचा आवाज नाहीसा झाला, तर समाधान मानू नये. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तापलेला वायू कडेने निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. सकाळी थंड इंजिन सुरू व्हायला वेळ लागणे आणि कॉम्प्रेशन घटणे ही त्याची लक्षणे. गॅसवर चालणाऱ्या इंजिनाची टॅपेटची फट फीलर गेजने अधिक वेळा मोजून घेणे हा त्यावर स्वस्त उपाय आहे.

पेट्रोलची टाकी रिकामी ठेवणे ही आणखी एक खोटी बचत. टाकीतील पंप पेट्रोलनेच थंड राहतो, इंजेक्टरही वापराविना चिकटतात. टाकीत किमान पाव भाग पेट्रोल असावे आणि रोज काही किलोमीटर गाडी त्यावर चालवावी.

जेथे तडजोड नाही

एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळालेला गॅस वर न जाता डिकीत, गॅरेजच्या खड्ड्यात किंवा जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले, तरी एक ठिणगी पुरते. म्हणून वास येताच इंजिन बंद करावे, टाकीवरील व्हॉल्व्ह बंद करावा आणि गाडी मोकळ्या हवेत ठेवावी. गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने. काडी पेटवून कधीही नव्हे. द्रव तापल्यावर प्रसरण पावतो, म्हणून टाकी ८० टक्क्यांहून अधिक भरता येत नाही. ही मर्यादा राखणाऱ्या व्हॉल्व्हशी छेडछाड करू नये. टाकीची दर ५ वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते.

घरगुती सिलिंडरमधील गॅस गाडीत भरणे २००१ च्या केंद्रीय आदेशानुसार निषिद्ध आहे. मान्यताप्राप्त किट बसवून त्याची नोंद आरसी बुकात करून घेणे मोटार वाहन कायद्यानुसार आवश्यक आहे आणि विमा कंपनीलाही त्याची माहिती द्यावी लागते. अपघातानंतर याच नोंदी तपासल्या जातात.

गॅसवरील गाडीची दुरुस्ती म्हणजे गूढ विद्या नव्हे. पेट्रोल, ठिणगी, हवा, गरम पाणी, फिल्टर आणि सर्वांत शेवटी स्क्रू, एवढा क्रम पाळला तर बहुतेक दोष अर्ध्या दिवसात सापडतात. गाडी गॅरेजमध्ये सोडताना मालकाने केवळ ‘गॅस सेट करा’ असे न सांगता, प्लग आणि टॅपेट शेवटचे केव्हा पाहिले, हे आधी विचारावे.