पदवीसोबत कामाचा अनुभव : 120 तास फक्त कागदावर नकोत

नवीन शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांनी प्रत्यक्ष कामाचा अनुभव अभ्यासक्रमातच आणला आहे. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ म्हणजे ओजेटीसाठी 4 श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे एकूण 120 तास काम.

व्यवस्था चांगली आहे, पण अडचण जागा शोधताना सुरू होते. ज्याचे काका कंपनीत किंवा मामा बँकेत आहेत, त्याचे काम एका फोनवर होते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या आपल्या मुलामुलींनी फोन कुणाला करायचा? मग कुठल्यातरी दुकानाचा शिक्का मारून प्रमाणपत्र जोडले जाते. गुण मिळतात, पण मुलाखतीत “नेमके काय काम केले?” असे विचारले की उत्तर नसते.

अनुभव कसा घ्यायचा, हे आम्ही समाजकार्याच्या क्षेत्रातील लोक क्षेत्रकार्यातून शिकतो. वस्तीत, रुग्णालयात किंवा बालगृहात जायचे, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा आणि पर्यवेक्षकासमोर बसून त्यावर चर्चा करायची. नुसत्या हजेरीने काही हाती लागत नाही. लिहिल्याने आणि प्रश्न विचारल्यानेच काम कळते. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला हे लागू आहे.

पैसे मिळतात का?

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. ओजेटी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. त्यात विद्यावेतन मिळेलच असे नाही. शिकाऊ उमेदवारी म्हणजे अप्रेंटिसशिप मात्र 1961 च्या कायद्याखाली येते. त्यात लेखी करार होतो आणि विद्यावेतन द्यावेच लागते. 2019 मध्ये पदवीधर उमेदवारासाठी ते महिना किमान 9,000 रुपये ठरले. आता शिकाऊ उमेदवारी जोडलेले पदवी अभ्यासक्रमही निघाले आहेत. प्रवेश घेतानाच आपला अभ्यासक्रम कोणत्या प्रकारचा आहे, ते विचारून घ्या.

याच कायद्याच्या कलम 3-अ नुसार निर्धारित व्यवसायांत प्रशिक्षणाच्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव ठेवायच्या असतात. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींमधील बौद्धांनाही केंद्राच्या यादीचा लाभ मिळतो. नोकरीतील आरक्षण सर्वांना माहीत असते, प्रशिक्षणातील फार थोड्यांना. त्यामुळे जातीचा दाखला वेळेत काढून ठेवा.

काय करावे?

सत्र सुरू होताच जागा शोधा, शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. पंचायत समिती, सहकारी पतसंस्था, वकिलाचे कार्यालय, स्थानिक वृत्तपत्र, स्वयंसेवी संस्था अशा ठिकाणी विभागप्रमुखांचे पत्र घेऊन जा. काम काय, वेळ किती, मार्गदर्शक कोण, हे लेखी घ्या. रोज चार ओळींची नोंद ठेवा. प्रमाणपत्रात फक्त कालावधी नको, केलेले कामही लिहून घ्या. जागा मिळवून देण्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, महाविद्यालयाला लेखी कळवा.

कार्यकर्त्यांनाही एक काम आहे. आपल्या तालुक्यात नोकरीत असलेल्या बांधवांची यादी करा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : तुमच्या कार्यालयात यंदा एका विद्यार्थ्याला 120 तास बसू द्याल का? ज्यांच्याकडे काका-मामांची ओळख नाही, त्यांच्यासाठी ही यादीच ओळख ठरेल.