न सापडणारा कम्पायलर : एक कारणमीमांसा

कम्पायलर संगणकावर बसविलेला आहे, नव्याने उघडलेल्या टर्मिनलमध्ये तो चालतोही. परंतु व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरमधील सी व सी प्लस प्लसचे एक्स्टेन्शन मात्र कम्पायलर आढळत नाही असे सांगते. अशा वेळी विद्यार्थी बहुधा कम्पायलर काढून पुन्हा बसवितात. हा उपाय चुकीच्या निदानावर उभा आहे. एक्स्टेन्शन आपल्याबरोबर कम्पायलर आणीत नाही; ते त्याचा केवळ शोध घेते, आणि तोही 'पाथ' या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये नोंदलेली फोल्डरे व काही ठराविक जागा एवढ्यांतच. तेव्हा 'आढळत नाही' याचा अर्थ 'तेथे आढळत नाही' इतकाच घ्यावयाचा.

ही पाथची यादी कोणाची, हा खरा प्रश्न होय. विंडोजमध्ये प्रत्येक प्रोसेसला आरंभीच जनक प्रोसेसकडून पाथची एक प्रत मिळते. मूळ यादीत मागाहून केलेला बदल त्या प्रतीत उतरत नाही. एमसिस-२ मधून जीसीसी बसवून त्याचे 'बिन' फोल्डर पाथमध्ये घातले, तरी आधीपासून चालू असलेला एडिटर जुन्याच प्रतीवर विसंबून राहतो. एक खिडकी मिटून दुसरी उघडल्याने भागत नाही, कारण सर्व खिडक्यांमागील मुख्य प्रोसेस एकच असते; सगळ्याच मिटाव्या लागतात. त्यानंतरही एडिटर जुन्या टर्मिनलातून सुरू केला, तर जुनी प्रतच वारशाने येते.

पडताळणीतही एक चकवा आहे. 'व्हेअर जीसीसी' ही आज्ञा कमांड प्रॉम्प्टमध्ये कम्पायलरचा ठिकाणा दाखविते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये मात्र 'व्हेअर' हे निराळ्याच आज्ञेचे टोपणनाव असल्यामुळे उत्तर रिकामे येते, आणि नसलेल्या दोषाचा भास होतो. तेथे 'व्हेअर डॉट ईएक्सई' असे पूर्ण नाव द्यावे. उत्तरात दोन ठिकाणे आली तर पहिल्या ठिकाणचा कम्पायलर चालतो; पुनःपुन्हा बसविण्याच्या खटाटोपाचे फलित पुष्कळदा हेच असते.

मायक्रोसॉफ्टच्या 'सीएल' कम्पायलरला नुसता पाथ पुरत नाही. हेडर व लायब्ररी यांची ठिकाणे सांगणारे 'इन्क्लूड' आणि 'लिब' हे व्हेरिएबलही त्यास लागतात. ते डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमध्ये सिद्ध असतात. म्हणून एडिटर तेथूनच सुरू करणे सोयीचे.

एक्स्टेन्शनच्या 'कम्पायलर पाथ' या सेटिंगमध्ये संपूर्ण मार्ग लिहिता येतो. मात्र त्याने सुधारते ते कोड लिहिताना मिळणारे साहाय्य. प्रत्यक्ष बिल्ड टास्कच्या फाइलमधील आज्ञेनुसार होतो, व तेथील मार्ग वेगळा तपासावा लागतो.