दिंडीच्या ट्रकातली बॅटरी किती तास चालेल?

आषाढी वारीत नातेपुते, वेळापूर, वाखरी अशा मुक्कामी दिंडीच्या ट्रकशेजारी राहुट्या पडतात. समजा, ट्रकात इन्व्हर्टर आहे आणि बॅटरीवर लिहिलंय: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. गुणाकार केला की १८०० वॉट-तास. पण हा आकडा कागदावरचा. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर बाद होते, म्हणून ९००च धरा. त्यातले साधारण १५ टक्के इन्व्हर्टर खातो. उरले ७६५.

९ वॉटचे चार दिवे आणि ७५ वॉटचा पंखा मिळून १११ वॉट, म्हणजे जेमतेम सात तास. पंखा ३० वॉटचा बीएलडीसी असेल तर साडेअकरा. खरी मेख मोबाइलची आहे. एक फोन पूर्ण भरायला सुमारे २५ वॉट-तास लागतात. वीस माउलींनी फोन लावले की ५०० गेले! मग रात्रभर पंखा विसरा.

शिवाय १५० हा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश रिकाम्या होणाऱ्या बॅटरीचा असतो. तासा-दोन तासांत उपसलीत तर बरंच कमी मिळतं. त्यात सोलापूरच्या उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते. निघण्याआधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी तेवढी पाहून घ्या.