‘जिन्यावरून पडले’ म्हणणारी बाई आणि दाराआडचं लेकरू : मुंबई उपनगरातल्या दवाखान्यांनी काय ओळखलं?

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. आपल्याकडच्या गावागावांतून एक तरी लेक या उपनगरांत दिलेली असते. जत्रेला, दिवाळीला ती माहेरी येते. हातावर काळंनिळं दिसलं आणि आईने विचारलं, तर ‘लोकलच्या गर्दीत लागलं’ म्हणते आणि विषय बदलते. माहेरचेही फार खोदून विचारत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याच उपनगरांतल्या महापालिकेच्या दवाखान्यांत मात्र ही मूठ उघडण्याचं काम वीस वर्षांहून जास्त काळ चाललंय. त्यातून जे कळलं, ते मुंबईपुरतं नाही. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही ते तेवढंच लागू पडतं.

सुरुवात झाली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात, 2000-01 च्या सुमारास. ‘सेहत’ ही आरोग्य विषयावर संशोधन करणारी संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून तिथे ‘दिलासा’ नावाचा विभाग उघडला. कल्पना साधी होती. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जाईलच असं नाही, वकिलाकडे तर नाहीच. पण डोकं फुटलं, हात मोडला, पोटात दुखायला लागलं तर दवाखान्यात ती येतेच. मग तिला मदत तिथेच का मिळू नये? दवाखान्यात जायला घरचेही सहसा अडवत नाहीत, ही त्यातली मोठी सोय. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरं केंद्र निघालं आणि नंतर आरोग्य अभियानाच्या मदतीने उपनगरांतल्या इतर रुग्णालयांतही हे काम पसरलं. घाटकोपरचं राजावाडी रुग्णालय आणि ओशिवऱ्याचं प्रसूतिगृह इथे 2008 पासून लैंगिक अत्याचार झालेल्या बायका-मुलांची तपासणी आणि उपचार कसे करायचे, याची नीट पद्धत बसवण्याचं कामही झालं. केरळने 2009 मध्ये अशीच केंद्रं ‘भूमिका’ नावाने आपल्या सरकारी दवाखान्यांत सुरू केली.

यात खरं काम आहे ते नर्सताईंचं. बाई म्हणते, ‘जिन्यावरून पडले.’ पण जिन्यावरून पडलेल्याला गुडघ्याला, कोपराला, तळहाताला लागतं. गळ्यावर बोटांचे वळ उठत नाहीत. काही जखमा ताज्या आणि काही आठवड्याभराच्या जुन्या, असं पडण्यातून होत नाही. काही बायका तर जखम नसतानाच येतात. सारखं डोकं दुखतं, कंबर दुखते, झोप लागत नाही, अंगावरून जातं. सगळ्या तपासण्या चांगल्या येतात, गोळ्यांची पाकिटं संपतात, दुखणं तसंच राहतं. कुणी उंदराचं औषध घेऊन येते आणि घरचे सांगतात, ‘चुकून पोटात गेलं.’ अशा वेळी काय विचारायचं, हे कर्मचाऱ्यांना शिकवलं गेलं.

विचारण्याचीही रीत आहे. नवरा किंवा सासू शेजारी उभी असताना विचारायचं नाही. ‘तू काय केलंस म्हणून त्याने मारलं?’ असं तर कधीच नाही. आधी तिचं ऐकून घ्यायचं. तुझी चूक नाही, हे सांगायचं. मग आज रात्री घरी गेलीस तर जिवाला धोका आहे का, मुलं कुठे आहेत, रेशनकार्ड-आधार कुणाच्या ताब्यात आहे, असं एकेक बघायचं. धोका दिसला तर दिवस-दोन दिवस ‘निरीक्षणासाठी’ म्हणून दवाखान्यातच दाखल करून घेतात. सासरच्यांना वाटतं उपचार चाललेत, आणि बाईला विचार करायला शांत जागा मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये डॉक्टर-नर्ससाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही हेच आहे: ऐका, हळूच विचारा, विश्वास ठेवा, सुरक्षिततेचं बघा, मदतीशी जोडून द्या.

नवऱ्याला सोडून दे, असं दिलासातल्या समुपदेशक सांगत नाहीत. ‘जरा जुळवून घे’ असंही सांगत नाहीत. निर्णय बाईचा. गावातल्या बैठकीत चार वडीलधारी माणसं बसून जो समझोता करतात, त्यात आणि यात हा मोठा फरक आहे. बैठकीत बहुतेक वेळा घर वाचवायचं असतं, बाईचं काय होतं ते नंतर बघू असं असतं.

आता किती घरांत हे होतं ते बघू. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 29 टक्क्यांहून जास्त बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. म्हणजे दहा घरांत तीन. हिंसा झालेल्यांपैकी मदत मागितली ती जेमतेम 14 टक्के बायकांनी. 77 टक्के बायकांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. सख्ख्या आईलाही नाही.

‘दारू पितो म्हणून मारतो’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. त्याच पाहणीत नवरा वारंवार दारूत असलेल्या बायकांपैकी 70 टक्क्यांनी हिंसा सांगितली. पण नवरा दारूला शिवतही नाही, अशा घरांतही 23 टक्के बायकांनी मार खाल्लेला होता. दारूबंदीने खूप घरं सावरतील, यात वाद नाही. पण माळ घातलेल्या माणसाच्या घरातही हात उठतो, त्याचं काय? कारण दुसरंही आहे. काही कारणांसाठी बायकोला मारणं बरोबरच आहे, असं मानणारे या पाहणीत पुरुषांत 44 टक्के निघाले आणि बायकांत 45 टक्के. हे मोठेपणी कुणी शिकवत नाही. लहानपणी घरात बघूनच ते अंगात मुरतं.

आणि इथून गोष्ट त्या दाराआडच्या लेकराकडे येते.

अमेरिकेत सॅन दिएगो इथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणावर उपचार करायचे. त्यांच्या लक्षात आलं की वजन चांगलं कमी होत असतानाच काही रुग्ण उपचार सोडून जातात. असं का, म्हणून त्यांनी खोलात जाऊन विचारलं, तेव्हा यांतल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं पुढे आलं. काहींना जाड शरीर हेच स्वतःला जपायचं कवच वाटत होतं. मग त्यांनी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी 1995 ते 1997 या काळात 17 हजारांहून जास्त लोकांना त्यांच्या लहानपणाबद्दल प्रश्न विचारले. मार बसायचा का? कुणी नको तिथे हात लावला का? घरात आईला मारायचे का? कुणी दारुडं होतं का? कुणी तुरुंगात गेलं का? आणि मग ती उत्तरं त्याच लोकांच्या आजच्या दुखण्यांशी ताडून बघितली.

1998 मध्ये पहिला निष्कर्ष छापून आला. असे चार किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव असलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका इतरांपेक्षा चार ते बारा पट निघाला. हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, कर्करोग यांचं प्रमाणही अनुभवांच्या संख्येबरोबर वाढत गेलं. लक्षात घेण्यासारखं म्हणजे हे लोक झोपडपट्टीतले नव्हते. बहुतेक शिकलेले, आरोग्य विमा असलेले मध्यमवर्गीय होते. ‘हे गरिबांच्या घरातलं’ म्हणून हात झटकता येत नाही.

याच अभ्यासातली पुढची गोष्ट 2003 मध्ये आली. लहानपणी स्वतः मार खाल्ला, लैंगिक अत्याचार सोसला आणि आईला मार खाताना पाहिलं, असं तिन्ही ज्यांच्या वाट्याला आलं, त्या बायकांना मोठेपणी जोडीदाराकडून मार बसण्याचा धोका साडेतीन पट होता. आणि तसंच बालपण गेलेल्या पुरुषांनी जोडीदारावर हात उचलण्याचा धोका जवळपास पावणेचार पट. म्हणजे एकच घर दोन रोपं तयार करतं, एक मारणारं आणि एक सोसणारं. आपल्या देशातल्या पाहण्यांतही हेच दिसलं. जिच्या आईला तिच्या बापाने मारलं, तिला स्वतःच्या संसारात मार बसण्याचं प्रमाण इतर बायकांच्या जवळपास दुप्पट.

असं का होतं? ओरडा, आदळआपट ऐकली की लहान मुलाचं शरीर धोक्याच्या तयारीला लागतं. काळीज धडधडतं, रक्तात ताणाची रसायनं सुटतात. विंचू दिसला तर ही तयारी जीव वाचवते आणि मग शांत होते. पण घरातच रोज संध्याकाळी विंचू असेल तर? गाडीचं इंजिन न्यूट्रलमध्ये रात्रभर रेस करून ठेवल्यासारखं ते शरीर तापत राहतं. झोप उडते, वर्गात लक्ष लागत नाही, भूक बिघडते. सात-आठ वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. कुणी एकदम गप्प होतं, कुणी शाळेत पोरांना बडवायला लागतं. आपण म्हणतो, वांड झालंय, दोन ठेवून दिल्या की सुधारेल. म्हणजे जळत्या गंजीवर रॉकेल.

आईच्या मारहाणीची झळ पोटातल्या बाळापर्यंतही जाते. जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या बायकांना कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता 16 टक्क्यांनी जास्त आणि नैराश्याचा धोका जवळपास दुप्पट, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या अहवालात मांडलं आहे. बाळाचं वजन भरत नाही म्हणून अंगणवाडीत खाऊची पाकिटं वाढवून दिली जातात. त्या आईच्या घरात रात्री काय चालतं, हे कुठल्याच रजिस्टरात लिहायला रकाना नाही.

आपल्याकडे मुलांचं नेमकं काय चाललंय, हे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तपासलं होतं. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांना विचारलं गेलं. दर तीन मुलांपैकी दोघांना मारहाण होत होती. घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईबापच. आणि 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, मुलींनी आणि मुलांनीही. त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले. पोती घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसाची भीती आपण पोरांना घालतो, पण घरात येणाऱ्या-जाणाऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. यानंतर पाच वर्षांनी, 14 नोव्हेंबर 2012 पासून ‘पोक्सो’ कायदा लागू झाला.

हे वाचून कुणी असा अर्थ काढू नये की मार खाल्लेला मुलगा मारकुटाच होणार. धोका वाढतो, एवढंच संशोधन सांगतं. अशा घरांत वाढलेली कितीतरी माणसं बायकोवर कधीच हात उचलत नाहीत, उलट बापाचं बघूनच त्यांनी ठरवलेलं असतं. मुलाच्या पाठीशी एक जरी मोठं माणूस घट्ट उभं असेल, मग ती आजी असो, मामा असो की शाळेतले गुरुजी, तर बरंचसं सावरतं. तसंच ‘माझं बालपण तसलं होतं’ ही मारणाऱ्याची सबबही होऊ शकत नाही. साहेबासमोर, सावकारासमोर त्याचा हात बरोबर खाली राहतो.

मुंबईत जे जमलं ते जिल्ह्यात जमेल का, हेही तपासून झालंय. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि मिरज इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत डॉक्टर-नर्सना असंच प्रशिक्षण देऊन त्याचा अभ्यास करण्यात आला. प्रशिक्षणानंतर त्यांची जाण आणि विचारण्याची तयारी वाढलेली दिसली. अडचण राहते ती खाली, उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात. तिथे वेगळी खोली नसते, बाहेर बाकावर सगळं गाव बसलेलं असतं, आणि केसपेपर काढणारा भावकीतलाच असतो.

तरी काही हक्क कागदावर पक्के आहेत आणि ते माहीत असायला हवेत. घरगुती हिंसाचाराचा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. तो फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, विधवा भावजय, लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाई, सगळ्यांना तो लागू होतो. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला मनाला येईल तसं बाहेर काढता येत नाही. दवाखान्याने उपचार नाकारायचे नाहीत. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. मार नवऱ्याने दिला असेल तर डॉक्टरला तसंच सांगावं आणि केसपेपरवर तसंच लिहून घ्यावं, पुढे कोर्टात हाच कागद बोलतो. ‘पडले’ लिहिलं गेलं की तो कागद दुसऱ्याच बाजूने बोलतो. पोलीस तक्रार नको असेल तर महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. ते घरगुती घटना अहवाल भरून थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतात. कायदा 60 दिवसांत निकाल द्या म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे धरून चालावं.

मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरलाही आणि ज्याला ज्याला कळलं त्यालाही. गावात मिटवून टाकणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

फोन करायचा तर बायकांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि जिवावर बेतलं असेल तर 112. मनाचा त्रास असेल, झोप नाही, जगू नये असं वाटतंय, तर टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. फोन नवरा तपासत असेल तर बोलून झाल्यावर कॉलच्या यादीतून नंबर काढून टाकावा, किंवा शेजारणीच्या, आशाताईच्या फोनवरून बोलावं. लेक मुंबईला असली तरी हेच नंबर चालतात. शिवाय तिला सांगून ठेवावं, महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात गेलीस तर ‘दिलासा कुठे आहे’ एवढंच विचार. बरोबर आलेल्याला कळतही नाही, आपण काय विचारलं ते.