घरची मराठी, शाळेची जर्मन आणि बोलके पुस्तक

जर्मनीत वाढणाऱ्या आपल्या मुलांची घरची भाषा मराठी आणि शाळेची भाषा जर्मन. येथील शाळांत वर्गातील तोंडी सहभागही गुणांत धरला जातो. त्यामुळे सारे समजूनही गप्प बसणारे मूल मागे पडते. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशुले, चौथीलाच संपते आणि पुढे गिम्नाझियम की अन्य शाळा, हा प्रश्न त्याच वयात उभा राहतो. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण. बव्हेरियात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल, तर गिम्नाझियमची वाट थेट खुली होते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे मौन म्हणूनच महाग पडू शकते.

या प्रश्नावरचे एक उत्तर महाराष्ट्रातील खेड्यात सापडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने त्यांनी ती स्वतः शिकून पाठ्यपुस्तके त्या भाषेत आणली, याची नोंद पुरस्काराच्या वेळी घेतली गेली. पुस्तकांत त्यांनी क्यूआर कोड छापले. मोबाइल धरताच कविता ऐकू येई, गोष्ट उलगडे. येथे भाषेचा आदर आधी आला आणि यंत्र त्याच्या मागून आले.

जर्मनीत २०१९ पासून ‘डिजिटालपाक्ट’ योजनेतून शाळांच्या डिजिटल सोयींसाठी केंद्राने ५ अब्ज युरो दिले. साधने आली, आता प्रश्न वापराचा आहे. टॅब्लेटवर मूल आपली गोष्ट स्वतःच्या आवाजात नोंदवते, ऐकते, चूक कळली की पुन्हा सांगते. तेथे हसणारे कोणी नसते. ‘डेर’, ‘डी’, ‘डास’ चुकले तरी चारचौघांत लाज वाटत नाही. अशा सरावाने मुलाला वर्गात हात वर करण्याचे बळ येऊ शकते.

घरीही हे जमते. आवाज नोंदवणारे पेन येथे मिळतात. त्यांच्या स्टिकरवर आजीची मराठी गोष्ट नोंदवून ती चित्रांच्या पुस्तकात चिकटवता येते. तीच गोष्ट मुलाने मग जर्मनमध्ये सांगावी. मराठी सोडल्याने जर्मन सुधारते, हा समज आपण मनातून काढून टाकला पाहिजे. मुलांचे ध्वनिमुद्रण मात्र घराबाहेर पाठवू नये.

तरीही यंत्र प्रतिप्रश्न ऐकून थांबायला, समोरच्याचा चेहरा वाचायला शिकवत नाही. ते माणसांतच शिकावे लागते. म्हणून १४ एप्रिलच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाला दोन मिनिटे द्यावीत. कागद आणि टॅब्लेट बाजूला ठेवून त्याने बोलावे, श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत.

बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिले. वाचा मिळणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याची मुले वर्गाच्या मागच्या बाकावर मुकी राहू नयेत, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.