फरशी चमकावी, पण जिवावर बेतू नये!

बोरीसारख्या काळ्या रानातल्या गावात पायांबरोबर माती घरात येतेच. वर बोअरच्या पाण्याने पुसलं, की फरशीवर पांढरट थर! मैत्रिणींनो, तो मळ नव्हे, पाण्यातले क्षार. म्हणून लगेच अ‍ॅसिड ओतू नका. पोर्सिलेन टाइल वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, त्यामुळे थर वरच राहतो. अ‍ॅसिडने मात्र सांध्यांतलं सिमेंट झिजतं. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जीव गुदमरतो.

आधी मऊ झाडूने माती काढा, नाहीतर ओरखडे पडतात. मग बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून पुसा. (यातही ब्लीचिंग नकोच!) शेवटी साध्या पाण्याचा हात फिरवून फरशी कोरडी करा. ओल्या फरशीवर सासूबाईंचा पाय घसरायला नको!