वैशाखवणवा आणि आपले घर

चैत्र संपून वैशाख लागला की ग्वाल्हेर-लष्करच्या मराठी घरांतील दिनक्रम आपोआप पालटतो. पहाटे पाचच्या सुमारास अंगणात सडा पडतो, आठ वाजण्यापूर्वी बाजारहाट उरकते, अकरा वाजता खिडक्या-दारे बंद होतात आणि मग सायंकाळपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. राजस्थानच्या वाळवंटावरून येणाऱ्या कोरड्या, तापलेल्या वाऱ्यास येथील लोक 'लू' म्हणतात. आपणही पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने तोच शब्द स्वीकारला आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी येथे छावणी वसविली आणि दख्खनी मंडळींनी लष्करात बिऱ्हाडे थाटली, तेव्हा कोकणातल्या आणि देशावरच्या त्या माणसांना हा वारा नवाच होता. त्यांनी तो सोसण्याची रीत शिकून घेतली. ती रीत काय होती, आजच्या ज्ञानाच्या कसोटीस तिच्यातील किती भाग उतरतो, आणि आजच्या बदललेल्या राहणीत तीत कोणती भर घातली पाहिजे, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय केवळ सुखसोयीचा नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची जी लाट आली, तीत नेहमीच्या मे महिन्यापेक्षा एक हजाराहून अधिक माणसे जास्त दगावल्याचे अभ्यासकांच्या हिशेबातून पुढे आले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्यासाठी स्वतंत्र कृती-आराखडा तयार केला आणि पुढे देशातील अनेक शहरांनी त्याचा कित्ता गिरविला. २०२२ सालचा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. २०२४ च्या मे महिन्यात राजस्थानातील चुरू येथे पारा ५० अंशांच्या वर गेला. आपल्या ग्वाल्हेरास ४५ अंशांचा आकडा नवा नाही. परंतु तो लवकर येऊ लागला आणि अधिक दिवस मुक्काम ठोकू लागला, तर जुन्या सवयींवरच विसंबून राहता येणार नाही.

शरीराचा हिशेब

आपल्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश आणि त्वचेचे ३५ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा याहून थंड असेल तर शरीरातील उष्णता सहज बाहेर पडते. हवा त्वचेपेक्षा तापली म्हणजे मात्र तो मार्ग बंद होतो, आणि एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. नुसता घाम येऊन भागत नाही. तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने.

आपल्याकडील ऊन कोरडे असल्यामुळे घाम झरझर वाळतो, आणि म्हणूनच आपण किती पाणी गमावले हे कळत नाही. कपडे ओले दिसत नाहीत. मात्र दुपारी लघवी गडद पिवळी होते, डोके दुखू लागते, पायांत गोळे येतात. उलटपक्षी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस उंबरठ्याशी आलेला असताना, पारा ४० च्या आसपास उतरतो, पण हवा दमट होते. तेव्हा घाम अंगावर निथळतो आणि वाळत नाही. पारा उतरला म्हणून लोक निश्चिंत होतात. परंतु हे दिवस नवतप्याइतकेच, कित्येकदा त्याहूनही, जपण्याचे असतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शरीरास उन्हाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून हंगामातील पहिली लाट अधिक घातक ठरते, आणि सुट्टीसाठी पुण्या-मुंबईहून आलेली नातवंडे येथे पहिल्याच दिवशी दुपारी क्रिकेट खेळू लागली तर त्यांस आवरणे हे आजी-आजोबांचे कर्तव्यच होय.

घर

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जमिनीखालचे दोन मजले आठवत असतील. राजा मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६ ते १५१६) बांधविलेल्या या महालात खालच्या दालनांपर्यंत हवा पोहोचविणारे झरोके आहेत. सामान्यांच्या घरी असे तळघर क्वचितच असे. पण जाड दगडी भिंती आणि छतास दगडी पटिया ही येथील घरांची खूण. या दगडाचा गुण असा, की तो सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. दुपारी आत गारवा लागतो तो यामुळेच. आणि रात्री दहा वाजता भिंतीस हात लावला असता चटका बसतो, तोही यामुळेच. जुनी मंडळी दिवसा खालच्या मजल्यावर आणि रात्री गच्चीवर राहत, यात दगडाचा स्वभाव ओळखण्याचे शहाणपण होते.

यावरून आजही पाळण्याजोगे काही नियम निघतात. बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापली की खिडक्या बंद ठेवाव्यात, आणि ती निवली की, म्हणजे साधारणपणे रात्री उशिरा व पहाटे, सताड उघडाव्यात. पडदा खिडकीच्या आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावलेली चटई वा ताटी अधिक उपयोगी पडते. कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडद्याने अडविले, तरी त्याची उष्णता खोलीतच राहते. गच्चीला पांढरा चुना दिल्यास वरच्या मजल्यावरील खोलीत काही अंशांचा फरक पडतो, आणि हा खर्च कोणत्याही यंत्राहून कमी आहे.

वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडून आत येणाऱ्या झुळुकीचा सुगंध ज्यांनी घेतला आहे, त्यांस आजचा कूलर हे तिचेच यांत्रिक रूप आहे हे सांगावयास नको. तथापि कूलर लावून खोलीची सर्व दारे लावून घेणे, ही पुष्कळ घरांत आढळणारी चूक आहे. ओली हवा बाहेर जाण्यास समोरची खिडकी थोडी उघडी हवी; नाहीतर तासाभरात खोली दमट होऊन घाम वाळेनासा होतो. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी करावी, म्हणजे डासांची वीण होत नाही. पत्र्याच्या कूलरची विजेची जोडणी हंगामाच्या आरंभी जाणकाराकडून तपासून घ्यावी. चालू कूलरमध्ये पाणी भरू नये. अनवाणी आणि ओल्या हाताने तर त्याला स्पर्शही करू नये.

पंख्याविषयीही एक गैरसमज आहे. हवा ४० अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावर घेतलेला पंख्याचा वारा थंडावा देण्याऐवजी उष्णताच अंगावर आणतो. अशा वेळी पंचा ओला करून पिळून खांद्यावर घ्यावा, हातपाय व मान वरचेवर ओली करावी आणि मग पंख्याखाली बसावे. वीज गेली असता हा उपाय हातपंख्यानेही साधतो. पाणी एका दिवसाआड येत असले तरी एक तांब्याभर पाण्यात हे काम होते.

स्वयंपाकघर

ज्या खोलीत घरातील सर्वांत अधिक उष्णता असते, तेथे भर उन्हाळ्यात घरातील स्त्री दोन-दोन तास उभी असते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. पोळ्या-भाजी सकाळी आठपूर्वी आटोपावी. सायंकाळी दहीभात, थालीपीठ, काकडीची कोशिंबीर, भिजवलेले सातूचे पीठ अशा अल्प आचेच्या पदार्थांवर घरच्यांनी संतोष मानावा. ताजी गरम पोळी पानात पडलीच पाहिजे, हा हट्ट वैशाखापुरता तरी पुरुषमंडळींनी सोडावा, अशी आमची स्पष्ट सूचना आहे.

पेयांच्या बाबतीत मात्र आपली परंपरा श्रीमंत आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंबेडाळ आणि कैरीचे पन्हे देण्याची चाल उन्हाळ्याच्या तोंडीच यावी, हे योग्यच होय. पन्ह्यात पाणी, गूळ आणि मीठ असे तिन्ही येतात. मीठ-जिऱ्याचे ताक, कोकम सरबत, सातू, येथील बेलाचे सरबत ही सारी त्याच पंक्तीतली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने असंख्य रुग्ण वाचविले. तेच द्रावण उन्हात शोष पडलेल्या माणसासही उपयोगी पडते. औषधी दुकानातील जलसंजीवनीची पुडी घरात असावीच. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा समजावा, आणि मीठ त्याहून अधिक कदापि होऊ देऊ नये.

मधुमेही मंडळींनी गोड सरबतांऐवजी ताक व साधे पाणी घ्यावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचा हात आवरावा. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाणी किती प्यावे आणि लघवीच्या गोळ्यांचे प्रमाण काय असावे, हे उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. खिशात कांदा ठेवला म्हणजे लू लागत नाही, हा समज मात्र सोडावा. कांदा ताटात असावा. खिशात ठेवून त्याचा लाभ नाही आणि त्याच्या भरवशावर भर दुपारी बाहेर पडणे धोक्याचे आहे.

बाहेर आणि मंगलकार्यात

दुपारी बारा ते तीन हा काळ शक्यतो टाळावा. बाहेर जाणे भागच असेल तर सैल, फिकट, सुती कपडे, डोक्यावर ओला रुमाल वा पदर आणि जवळ पाण्याची बाटली असावी. मोटारीच्या बंद काचांआड मूल क्षणभरही ठेवू नये. उन्हात उभ्या मोटारीतील हवा दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते.

आपल्या समाजापुरता एक नाजूक प्रश्न येथे मांडणे प्राप्त आहे. मुंजी आणि लग्ने वैशाखातच होतात. मुंडन केलेला आठ वर्षांचा बटू होमाजवळ, पोट रिकामे, भोवती रेशमी वस्त्रांतील दाटी, आणि घड्याळात साडेबारा, असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. मुहूर्त सकाळी लवकरचा धरावा, बटूस अधूनमधून पाणी किंवा दूध द्यावे, वृद्धांस होमापासून दूर व वाऱ्याशी बसवावे, आणि मांडवात सरबत केवळ मानाच्या पाहुण्यांपुरते न ठेवता आचारी, वाजंत्री आणि भांडी घासणाऱ्या बायांपर्यंत पोहोचते की नाही हे यजमानाने स्वतः पाहावे. याने धर्मास बाध येत नाही.

उष्माघात ओळखावा कसा

थकवा, गरगरणे, मळमळ, भरपूर घाम ही पूर्वसूचना होय. अशा माणसास सावलीत निजवून, पाय उंच करून, घोटघोट पाणी द्यावे. परंतु अंग भाजल्यासारखे तापले, ताप १०४ फॅरनहाइटच्या घरात गेला आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला वा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असो वा नसो. यात मिनिटांस मोल आहे. एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाकीच्यांनी वाट पाहत न बसता त्याचे कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे कामाची नाही, कारण हा ताप रोगाचा नाही, बाहेरून साठलेल्या उष्णतेचा आहे.

शेजारधर्म

शेवटी जे सांगावयाचे आहे, ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या जुन्या वाड्यांतून आज कितीतरी वृद्ध दांपत्ये, आणि त्याहून अधिक एकेकट्या वृद्ध स्त्रिया, वरच्या मजल्यावर राहतात. मुले पुण्यास, बंगळूरास वा परदेशी असतात. वयाबरोबर तहान मंदावते, विजेच्या देयकाच्या भयाने कूलर बंद राहतो, आणि जिना उतरवत नाही म्हणून खालच्या गार खोलीत येणे होत नाही. उन्हाळ्यात जीव जातात ते रस्त्यावर तसेच अशा बंद दारांआडही जातात.

प्रत्येक आळीतील दोघा-चौघांनी अशा घरांची यादी करावी. हवामान खात्याचा नारिंगी वा लाल इशारा आला, की दुपारी तीनच्या सुमारास आणि रात्री निजण्यापूर्वी एकेकाने दार वाजवून, 'काकू, पाणी प्यालात का?' एवढे विचारावे. फोनवरील उत्तरावर विसंबू नये, कारण वडीलधारी माणसे 'माझे उत्तम आहे' असेच सांगतात. घरी येणाऱ्या मोलकरणीस, भाजीच्या हातगाडीवाल्यास, टपाल आणणाऱ्यास पाण्याचा पेला पुढे करावा, आणि घराचे बांधकाम चालू असेल तर गवंड्यास व मजुरांस बारा ते तीन सावलीत विसावा द्यावा. त्याची मजुरी कापू नये.

अक्षय तृतीयेस उदककुंभाचे दान करण्याची आपली प्रथा आहे. त्या दिवशी दिलेला माठ एखाद्या पाणपोईवर, रोज भरला जाईल अशा हमीने, पाऊस येईपर्यंत राहिला, तर त्या दानाचा हेतू खऱ्या अर्थाने सफल होईल. यंदा आपल्या आळीत असा एक माठ ठेवला जावा आणि त्याची पाळी वाटून घेतली जावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.